आई म्हणताहेत

थोरली काही वाईट बाई नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे तिनं जे केलं ते ऐकल्यावर कोणालाही तसं वाटायचा संभव आहे. कामाला वाघ होती, हाताला स्वच्छ होती आणि दीड वर्षं अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं एकहाती करत होती. फक्त ते करता करता सासू ही आपल्या एकटीची आहे, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. घोळ झाला तो तिथे.

सासूबाईंनी उमेदीची तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. कानावर हेडफोन, समोर दिव्यांची फळी आणि तोंडात मोजके, धारदार शब्द. घरातही त्या तशाच बोलायच्या. कोणी मध्ये तोंड घातलं की, "माझं पुरं होऊ दे," म्हणायच्या आणि खरंच पुरं करूनच थांबायच्या. थोरली लग्न होऊन आली तेव्हापासून सतरा वर्षं तिनं तो आवाज झेलला. दुधाचं भांडं झाकायचं राहिलं, दाराची कडी लावायची राहिली, की त्या आवाजात तिचा उद्धार व्हायचा. कौतुकाचा शब्द म्हणाल तर तिच्या वाट्याला कधी आला नाही.

मग एके सकाळी सासूबाईंचा उजवा हात, उजवा पाय आणि जीभ या तिघांनी एकदमच राजीनामा दिला. डोकं मात्र लख्ख राहिलं. सगळं समजायचं, सगळं आठवायचं, पण बोलायला जावं तर तोंडातून नुसते हुंकार, उसासे आणि अर्धवट स्वर. डाव्या हातानं लिहून पाहिलं, तर कागदावर नुसत्या रेघोट्या. पहिले दोन महिने घरातले सगळे खाटेभोवती उभे राहायचे आणि तोंडी परीक्षेला बसल्यासारखी उत्तरं ठोकून द्यायचे. पाणी? उशी? पाय दुखतोय? खिडकी लावू? सासूबाई चिडून डावा हात गादीवर आपटायच्या आणि भिंतीकडे तोंड फिरवायच्या.

थोरलीचं शिलाई मशीन त्याच खोलीत, खाटेला लागून होतं. कपड्यांच्या दोन दुकानांची अल्टरेशनची कामं ती घरी घ्यायची. पँटची उंची कमी करणं, कंबर सैल करणं, चेन बदलणं. दिवसाचे आठ तास हात कापडावर आणि कान खाटेकडे. असं होता होता तिच्या लक्षात यायला लागलं की या हुंकारांनाही चाली आहेत. घशात उतरत गेलेला आवाज म्हणजे उशी. दोन तुटक उसासे म्हणजे खिडकी. तिसऱ्या महिन्यात एकदा मशीनवरून मान वर न करता ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, आईंच्या पाठीखाली चादर गोळा झालीय, तेवढी सरळ करा." नवऱ्यानं हात घालून पाहिलं तर खरंच झाली होती.

झालं! थोरलीचा भाव एकदम वधारला. नवरा लिफ्टदुरुस्तीच्या कामावरून आला की दारातूनच विचारायचा, "काय म्हणतेय आई?" डॉक्टर तपासायला आले की सासूबाईंकडे न बघता थोरलीकडे बघायचे. आणि थोरली दोरा तोडून, सुई रिळाला टोचून, सावकाश सांगायची, "आई म्हणताहेत..."

या दोन शब्दांची तिला चटक लागली. सासूबाईंच्या पहिल्या दोन आवाजांतच तिला अर्थ कळायचा, मग उरलेलं ऐकायची गरज काय? उरलेलं ती स्वतःच पुरं करायची. आई म्हणताहेत, हा सोफा नको, जागा अडते. आई म्हणताहेत, पडदे निळे घ्या. दिराचा बेत होता गाडी घ्यायचा. आई म्हणताहेत, एवढ्यात कशाला? एकदा शेजारीण भेटायला आली तेव्हा सासूबाई काहीतरी पुटपुटल्या. थोरलीनं डोळे खाली घातले आणि म्हणाली, "आई म्हणताहेत, थोरली होती म्हणून मी आज आहे." शेजारणीच्या डोळ्यांत पाणी तरारलं. खरं तर सासूबाई म्हणत होत्या की पाय उघडे पडलेत, पांघरूण घाला. त्यांनी डावा हात गादीवर आपटला. थोरली शेजारणीला म्हणाली, "हल्ली त्यांना भावना अनावर होतात."

तेच वाक्य तिनं पुढे आणखी तीन-चार जणांना ऐकवलं. खोटं बोलतोय असं तिला वाटायचंच नाही. एवढं सगळं करतोय त्या अर्थी आई हे मनात म्हणतच असतील, आपण फक्त बाहेर काढतोय, असा तिचा हिशेब.

आता धाकटीकडे वळू, कारण थोरलीच्या पोटात जे दुखायचं ते तिच्यावरून. धाकटी म्हणजे तिची जाऊ. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि कमी ऐकू येणाऱ्यांना कानाची मशीनं बसवून देणाऱ्या एका क्लिनिकमध्ये नोकरी करायची. दर रविवारी दीर आणि ती यायचे. ती आली की खाटेच्या कडेला बसायची, सासूबाईंचा डावा हात हातात घ्यायची, काहीतरी विचारायची आणि गप्प राहायची. नुसती थांबायची. सासूबाई एक आवाज काढायच्या, दम खायच्या, दुसरा काढायच्या, आणि ही बया बस चुकलेल्या माणसासारखी निवांत बसून राहायची. कळत तर काही नव्हतं तिला. थोरलीला ते बघवायचं नाही. ती मशीनवरूनच उत्तर द्यायची.

"ताई, त्यांचं होऊ द्या ना," धाकटी म्हणायची.

"झालंय गं. मला कळलं."

आणि धाकटी निघून गेली की पुढचे सहा दिवस सासूबाई एक ठरावीक आवाज काढायच्या. एक आखूड, एक लांब आणि शेवटाला थोडा वर चढलेला. त्याचा अर्थ ज्या दिवशी थोरलीला लागला, त्या दिवशी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. धाकटीला बोलवा. उठवायचं आपण, पुसायचं आपण, घास भरवायचा आपण, आणि नाव निघतंय कुणाचं, तर रविवारी दोन तास पाहुणी म्हणून येणाऱ्या बाईचं! ती तरातरा उठली, पेला भरला आणि सासूबाईंच्या तोंडाला लावला. "पाणी हवंय ना? घ्या पाणी." सासूबाईंनी तिच्याकडे टक लावून पाहिलं आणि दोन घोट घेतले. तेव्हापासून तशी वहिवाटच पडली. एक आखूड, एक लांब, की पाणी.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका रविवारी धाकटीनं पिशवीतून पाटीएवढी एक काळी काच काढली आणि खाटेशेजारच्या टेबलावर उभी केली.

"ताई, हे आईंसाठी. हे त्यांचं बोलणं शिकतं."

"शिकतं म्हणजे?"

"त्यांचा आवाज ऐकतं, ओठ बघतं आणि अर्थ लावून बोलून दाखवतं. आमच्या दोन पेशंटना चांगला उपयोग झालाय. फक्त सुरुवातीला त्याला कोणीतरी शिकवावं लागतं. आईंनी एक आवाज काढायचा आणि ज्याला तो कळतो त्यानं खाली अर्थ टाइप करायचा. आठवडाभर केलं की मग ते आपलं आपण समजून घ्यायला लागतं."

"आणि शिकवणार कोण?"

"तुम्हीच की. तुमच्याशिवाय कोणाला कळतंय?"

गोड बोलून गळा कापणं म्हणतात ते हेच, असं थोरलीला वाटलं. खरं म्हणजे धाकटीच्या मनात तसलं काही नव्हतं. पण जळणाऱ्या माणसाला समोरच्याचा चांगुलपणा सगळ्यात जास्त झोंबतो.

त्यावर कडी म्हणजे आवाज. सासूबाईंचे आजारापूर्वीचे निरोप दिराच्या फोनमध्ये जपून ठेवलेले होते. 'फोन उचलत जा. आई आहे, बँक नाही,' असले. ते त्या यंत्रात घातल्यावर यंत्र त्यांच्याच आवाजात बोलायला लागलं. नमुन्यादाखल धाकटीनं बटण दाबलं आणि खोलीत तो जुना, खणखणीत आवाज उमटला, "नमस्कार. मी बोलतेय." दीर खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत राहिला. नवऱ्यानं चष्मा काढून पुसला. सासूबाईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या. आणि थोरलीच्या मनात आलं, दुधाचं भांडं झाकलंय ना?

सोमवारपासून शिकवणी सुरू झाली. सगळे त्याला पाटी म्हणायला लागले होते. दुपारचं जेवण आटोपलं की थोरली पाटीसमोर बसायची. पहिले दोन दिवस तिनं इमानेइतबारे केलं. उशी, खिडकी, चादर, पाय, हो, नाही, बरोबर, नको. पाटी दर वेळी सासूबाईंचा आवाज पुरता थांबेपर्यंत काही करायची नाही. एक बारीक हिरवी रेघ पडद्यावर थरथरत राहायची आणि त्या पूर्ण थांबल्या की मगच विचारायची, "अर्थ काय?" सासूबाई मुद्दाम लांबवून बघायच्या. पाटी थांबायची. सासूबाईंच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यात हसू यायचं. दीड वर्षात थोरलीला ते हसू एकदाही मिळालं नव्हतं.

बुधवारी सासूबाईंनी तो आवाज काढला. एक आखूड, एक लांब.

पाटीनं विचारलं, "अर्थ काय?"

थोरलीची बोटं थबकली. सासूबाई तिच्याकडे बघत होत्या. त्यांना तिचं टायपिंग वाचता येत नव्हतं, पडदा थोरलीकडे वळलेला होता. तिनं एकदा दाराकडे पाहिलं, जणू तिथे कोणी उभं आहे, आणि लिहिलं: 'पाणी हवंय.'

काय करणार? इतके महिने तोच अर्थ चालत आला होता, असं तिनं स्वतःला बजावलं. पण त्या दिवशी तिनं एका गिऱ्हाइकाच्या पँटचा पाय आडवा शिवून बंद करून टाकला. अशी चूक तिच्या हातून शिकाऊपणीसुद्धा झाली नव्हती.

आठवड्यानंतर पाटी बोलायला लागली आणि थोरलीचे दिवस फिरले. संध्याकाळी नवरा यायचा तो सरळ खाटेपाशी जायचा.

"कशी आहेस आई?"

"बरी आहे. पाय गार पडलेत," पाटी त्या जुन्या आवाजात सांगायची आणि सासूबाईंना उलट विचारायचीही, "पांघरूण एक की दोन?" सासूबाई आवाज काढायच्या, पाटी सांगायची, "एक." कोणी थोरलीकडे वळून बघत नव्हतं. डॉक्टर आले तेही खुर्ची पाटीकडे ओढून बसले. "वा, छान," म्हणाले. शेजारीण तर अर्धा तास बसली आणि जाताना थोरलीला म्हणाली, "बरं झालं गं, तुझी सुटका झाली."

सुटका! थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. मशीन चालवता चालवता ती तिरक्या नजरेनं त्या काचेकडे बघायची. सवत म्हणावी तर ती जेवत नव्हती, दमत नव्हती, तिच्या तोंडाला तोंडही देत नव्हती. पुसायला घेतली तरी तिच्यात स्वतःचाच चेहरा दिसायचा, कपाळाला आठ्या घातलेला. एकदा ती पाटीवर कापडाचा तुकडा टाकून बसली. सासूबाईंनी गादीवर हात आपटून आपटून तो काढायला लावला.

एकच समाधान होतं. दिवसातून कितीदा तरी तो आवाज यायचा, एक आखूड, एक लांब, आणि पाटी म्हणायची, "पाणी हवंय." थोरली तत्परतेनं उठायची. सासूबाई मान हलवून 'नाही' म्हणायच्या, पाटीही म्हणायची "नाही", पण लगेच त्या पुन्हा तेच मागायच्या आणि पाटी पुन्हा म्हणायची, "पाणी हवंय." पाहणाऱ्याला वाटावं, म्हातारीचं काही खरं नाही. सासूबाई हळूहळू रडकुंडीला यायच्या. मग दमून पाणी पिऊन टाकायच्या.

थोरलीला एक गोष्ट ठाऊक नव्हती. पाटी दिवसभराचं सगळं बोलणं मोजून रोज संध्याकाळी त्याचा अहवाल धाकटीच्या फोनवर पाठवायची. दहाव्या दिवशी धाकटीचा फोन आला.

"ताई, आई दिवसाला तीस-तीस वेळा पाणी मागताहेत. काल चौतीस. हे बरोबर नाहीये."

"उकाडा आहे," थोरली म्हणाली.

"पंखा लावायला मात्र त्यांनी एकदाही सांगितलेलं नाही."

नवऱ्याचं धाबं दणाणलं. साखर असणार, नाहीतर मूत्रपिंड. दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त घ्यायला लॅबमधली मुलगी घरी आली. सासूबाईंच्या त्या काडीएवढ्या डाव्या हाताची शीर काही सापडेना. तिनं एकदा सुई घातली, काढली, परत घातली. सासूबाईंनी हूं की चूं केलं नाही. त्या पूर्ण वेळ थोरलीकडे बघत होत्या. रागानं नाही. एक्स्चेंजमध्ये चुकीचा नंबर लागल्यावर पलीकडच्याला कळेपर्यंत वाट बघावी, तसं बघत होत्या. थोरलीनं कापसाचा बोळा दाबून धरला आणि दुसरीकडे पाहिलं.

रिपोर्ट सगळे चांगले आले. डॉक्टर विचारात पडले. "मग एक तपासणी करून बघावी लागेल," ते म्हणाले. "एक दिवस हॉस्पिटलमध्ये ठेवू, पाणी पूर्ण बंद करू आणि काय होतंय ते बघू. या वयात थोडी जोखीम आहे, पण इतकी तहान अशी सोडून देता येत नाही. परवा आणा."

थोरली मशीनवर येऊन बसली. समोर शिवायला जाकीट होतं, ते तसंच राहिलं. आपल्या एका शब्दासाठी ह्या बाईला पाण्यावाचून ठेवणार. आणि तिथे त्या पुन्हा पुन्हा धाकटीला बोलावणार, पाटी पुन्हा पुन्हा पाणी मागणार आणि पाणी कोणी देणार नाही. मत्सर कितीही असला तरी तो करायला समोरचं माणूस जिवंत लागतं, हे तिला त्या घटकेला अगदी लख्ख कळलं.

दुपारी घरात दोघीच होत्या. तिनं पाटी टेबलावरून उचलली आणि या वेळी पडदा सासूबाईंना दिसेल असा धरला. तो आवाज शोधून काढला. खाली लिहिलेलं 'पाणी हवंय' एकेक अक्षर पुसलं आणि लिहिलं: 'धाकटीला बोलवा.'

सासूबाईंनी ते वाचलं. बराच वेळ वाचत राहिल्या. मग एक आखूड, एक लांब.

"धाकटीला बोलवा," पाटी म्हणाली.

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. थोरलीनं फोन उचलला.

"संध्याकाळी ये. आईंनी बोलावलंय तुला."

"पाटी म्हणाली?"

"मी म्हणतेय," थोरली म्हणाली आणि फोन ठेवला.

संध्याकाळी धाकटी आणि दीर आले तेव्हा नवराही नुकताच कामावरून आला होता. धाकटीनं चपला काढायच्या आधी फोन उघडला.

"ताई, आज दुपारी तुम्ही पाटीत काही बदललंत?"

"हो."

"म्हणजे आधी चुकून..."

"चुकून नाही," थोरली म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "मला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं. त्या तुला बोलवायच्या आणि मी पाणी द्यायचे. पाटीलाही मीच तसं शिकवलं. त्यांना काही झालेलं नाहीये. परवा न्यायचं कारण नाही."

नवरा आ वासून बघत राहिला. "अगं, पण का?"

"ती रविवारी येते," थोरली म्हणाली, "आणि त्या सहा दिवस तिचंच नाव घेतात. मी इथे असते. मी रोज इथे असते."

दीर काहीतरी कडक बोलणार होता, पण धाकटीनं त्याच्या दंडावर हात ठेवला आणि नेहमीसारखी खाटेच्या कडेला जाऊन बसली. सासूबाईंचा हात हातात घेतला. सुई टोचली होती तिथे निळा डाग पडला होता.

"आई, मी आलेय. काय झालं?"

सासूबाई बोलायला लागल्या. हे त्यांचं रोजचं उशी-खिडकीचं बोलणं नव्हतं. लांबच लांब, थांबत, दम घेत, पुन्हा मागे जात. हिरवी रेघ थरथरत राहिली. त्या थांबल्या तेव्हा पाटी म्हणाली, "माफ करा, हे मला अजून येत नाही. पुन्हा सांगाल का?" सासूबाईंनी पुन्हा सांगितलं. पाटी म्हणाली, "माफ करा, हे मला अजून येत नाही." त्यांच्या कपाळावर घाम आला.

धाकटीनं वळून पाहिलं. "ताई, काय म्हणताहेत आई?"

"वहिनींना काय विचारतेस?" दीर उसळला. "आत्ता काय सांगितलं त्यांनी?"

"मग तुम्हाला कळतंय का?"

त्याला कळत नव्हतं. कोणालाच कळत नव्हतं.

थोरलीला मात्र पहिल्या तीन आवाजांतच कळलं होतं. आणि काय सांगू, त्या क्षणीसुद्धा तिच्या जिभेवर दुसरंच वाक्य आलं. आई म्हणताहेत, झालं गेलं विसरा. आई म्हणताहेत, थोरलीला काही बोलू नका. कोण पडताळून बघणार होतं? तिनं ओठ उघडलेही. मग ती मशीनवरून उठली, खाटेपाशी जमिनीवर बसली आणि म्हणाली, "आई, पुन्हा एकदा सांगा. मी थांबते."

सासूबाईंनी तिसऱ्यांदा सुरुवात केली. थोरली प्रत्येक आवाज संपेपर्यंत गप्प राहिली. मध्ये त्या इतका वेळ थांबल्या की झालं असं वाटलं, पण झालं नव्हतं. आजवर ती नेहमी इथेच 'कळलं मला' म्हणून मोकळी व्हायची. जे काही होतं ते पुढेच होतं.

शेवटी त्या थांबल्या.

"आई म्हणताहेत," थोरली म्हणाली, आणि कोणाकडेही न बघता एकेक शब्द ठेवत गेली, "मला धाकटीकडे राहायला न्या. थोरली माझं सगळं करते, त्यात कसूर नाही. पण मी तोंड उघडलं की माझं बोलणं ही पुरं करून टाकते. दीड वर्षात मला एकही वाक्य शेवटपर्यंत बोलू दिलेलं नाही. धाकटीला काही कळत नाही, पण ती थांबते. मला तिथे न्या."

मग नवरा जवळ आला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "नाही गं. आई असं म्हणणार नाही. तू आत्ता मनाला लावून घेतलंयस, म्हणून तुला तसं ऐकू आलं."

निळ्या पडद्यांवर त्यानं विश्वास ठेवला होता, गाडीवर ठेवला होता, 'थोरली होती म्हणून मी आहे' यावर तर डोळे झाकून ठेवला होता. आज पहिल्यांदा ती खरं सांगत होती आणि आज त्याला ते पटत नव्हतं. थोरलीला हसावं की रडावं कळेना.

"असंच म्हणाल्या," ती म्हणाली. "शब्दाला शब्द."

"वहिनी, नक्की?" दिरानं विचारलं.

तेवढ्यात सासूबाईंनी एक छोटा आवाज काढला. हा पाटीला पहिल्याच दिवशी शिकवलेला होता. हिरवी रेघ थरथरली, थांबली, आणि त्या जुन्या, धारदार, सतरा वर्षं थोरलीनं झेललेल्या आवाजात पाटी म्हणाली, "बरोबर."

थोरलीनं तो शब्द बसल्या जागी ऐकला. त्या आवाजात आपल्याविषयी हा शब्द तिनं आजवर कधी ऐकला नव्हता. आनंद झाला म्हणावं तर त्याच शब्दानं सासूबाई तिच्या हातून गेल्या होत्या.

ती उठली आणि कपाट उघडून सासूबाईंचे कपडे पिशवीत भरायला लागली. धाकटी मदतीला आली, तिला तिनं हातानंच थांबवलं. पोटात अजूनही तितकंच दुखत होतं. उद्यापासून हिच्या घरात, हिच्या खिडकीपाशी, या विचारानं काळीज जळत होतं. भरता भरता हाताशी राखाडी स्वेटर आला. हा मागेच राहू द्यावा, असं तिच्या मनात आलं. थंडी पडली की त्याची गरज लागेल, मग तो द्यायच्या निमित्तानं जाता येईल, किंवा न्यायला कोणीतरी येईल. तिनं तो बाजूला ठेवला. थोड्या वेळानं परत उचलला, नीट घडी घातली आणि पिशवीत सगळ्यात वर ठेवला.